स्वतःच्या खर्चाने छोटा कवितासंग्रह काढायचाय, १०० प्रतींचा. कुठून सुरुवात करू?

तुरीची_शेंग

नमस्कार सगळ्यांना. बऱ्याच दिवसांपासून इथले धागे वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच.

मी उदगीरची, बँकेत नोकरी करते आणि कॉलेजपासून कविता लिहितेय. २०२२ ला आमच्या गावात ९५ वं साहित्य संमेलन झालं तेव्हा कविकट्ट्यावर वाचली होती एक, तेव्हापासून ओळखीचे लोक म्हणायलेत की ताई आता संग्रह काढा. कविता सव्वाशेच्या आसपास आहेत, बऱ्याचशा मोबाईलमध्येच टाइप केलेल्या, थोड्या वहीत. मुक्तछंद जास्त, दहा-बारा गझला, आणि काही आमच्याकडच्या बोलीतल्या. विषय म्हणाल तर वडिलांचं मोंढ्यातलं अडत दुकान, तुरीचे भाव, हमाल, घरातल्या बायका, दुष्काळ. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं त्यावर एक लांब कविता आहे, चार-पाच पानांची होईल.

एका प्रकाशकांशी बोलले तर त्यांनी पॅकेज सांगितलं, ३०० प्रती, ४८ हजार रुपये, त्यातल्या १०० प्रती मला आणि बाकीच्या ते विकणार. विक्रीचा हिशोब कधी आणि कसा देणार विचारलं तर ते बघू पुढे म्हणाले. कविता त्यांनी वाचल्याच नव्हत्या, पानं किती होतील एवढंच विचारलं, सगळ्या घ्या म्हणाले म्हणजे पुस्तक जाड दिसंल. ते काही मनाला पटलं नाही.

म्हणून वाटतंय की आपणच काढावं, १०० प्रती, साधं पण नीट. पण मला यातलं काहीच माहीत नाही, फॉन्ट कुठला, प्रेसला काय द्यायचं, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) लागतो का, प्रस्तावना कुणाची घ्यावी, खर्च किती येईल. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा प्लीज.

पाणवठा

ताई, पहिल्यांदा प्रेस, फॉन्ट, आयएसबीएन हे सगळं बाजूला ठेवा. सव्वाशे कवितांतून पन्नास निवडा. हे सगळ्यात अवघड काम आहे आणि पॅकेजवाले हेच करत नाहीत, कारण त्यांना पानांचे पैसे मिळतात, कवितांचे नाही.

मी माझा संग्रह काढला तेव्हा सगळ्या कविता ए-फोर कागदावर प्रिंट काढून घरात फरशीवर मांडल्या होत्या, स्क्रीनवर हे होत नाही, खरंच होत नाही. तीन ढीग करायचे: नक्की, नाही, आणि माहीत नाही. मग माहीत नाहीचा ढीग दोन अशा माणसांना द्यायचा जे कविता वाचतात पण तुमचे नातेवाईक नाहीत. त्यांना छान आहे का विचारू नका, यातल्या कुठल्या दहा काढू एवढंच विचारा. छान आहे का म्हटलं की सगळे छान म्हणतात. काढायला सांगितलं की माणूस खरं वाचतो.

आणि एकाच भावनेच्या चार कविता असतील तर त्यातली एकच ठेवा, तीन कितीही लाडक्या असल्या तरी. पावसावरच्या आणि आईवरच्या कवितांचं प्रत्येकाच्या संग्रहात असं होतं.

तुमचं वाचून मला वाटतंय की मोंढा आणि दुष्काळ हाच तुमच्या संग्रहाचा कणा आहे. अडत दुकानात वाढलेल्या मुलीने लिहिलेल्या कविता मराठीत मी तरी फारशा वाचल्या नाहीत. पाण्याच्या रेल्वेची लांब कविता सुरुवातीला टाकू नका, वाचकाला आधी त्या गावात राहू द्या, दुकान बघू द्या, हमाल बघू द्या, साधारण दोन तृतीयांशावर ती रेल्वे येऊ द्या. आणि तिच्यानंतर लगेच एखादी अगदी लहान कविता, आठ-दहा ओळींची.

गझला वेगळ्या विभागात घाला नाहीतर पुढच्या पुस्तकासाठी ठेवा, मुक्तछंदाच्या मध्ये मध्ये गझल आली की वाचताना लय सारखी मोडते, हे माझं मत, दुसऱ्यांचं वेगळं असू शकतं.

खिळे_आणि_शाई

पाणवठा यांनी निवडीचं सांगितलं ते शंभर टक्के बरोबर. मी पानाबद्दल बोलतो, कारण माझं आयुष्य पानं लावण्यात गेलंय, आधी खिळे जुळवले मग डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर पान लावणं.

पुस्तकाचा साइज डेमी घ्या, साडेपाच बाय साडेआठ इंच, कवितेला छान बसतो. प्रेसमध्ये पानांचा हिशोब फॉर्मात चालतो, डेमीचा एक फॉर्म १६ पानांचा. म्हणजे ६४, ८० किंवा ९६ पानं अशीच उडी मारायची, ८३ पानं झाली तर उरलेली कोरी जातात किंवा पैसे जास्त. डिजिटल प्रिंटला फॉर्माचं एवढं बंधन नाही पण सवय म्हणून पाळा, उद्या ऑफसेटला, म्हणजे प्लेटवरच्या छपाईला, जायचं झालं तर फाईल तीच चालते. तुमच्यासाठी ८० पानं म्हणजे पाच फॉर्म योग्य. सुरुवातीची दहा-बारा पानं नाव, माहिती, अर्पण, मनोगत, अनुक्रमणिका यात जातात, राहिलेल्या अडुसष्टात पन्नासच्या आत-बाहेर कविता बसतील, लांब कवितेसकट.

१०० प्रतींना ऑफसेट नकोच, प्लेटचा खर्च शंभर प्रतींवर वाटला जातो आणि महाग पडतो. तीनशे-पाचशेच्या पुढे ऑफसेट परवडायला लागतं. डिजिटलला आतली पानं काळी-पांढरी, पानामागे साठ पैशापासून रुपयापर्यंत घेतात, गावागणिक फरक. वर कव्हर, लॅमिनेशन, बाइंडिंगचे पंचवीस-चाळीस. म्हणजे ८० पानी प्रत ७५ ते १२० च्या दरम्यान पडायला हवी. शंभर प्रतींचे साडेसात ते बारा हजार. छापील पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी नाही पण छपाईच्या बिलावर लागू शकतो, तेव्हा कोटेशन टॅक्ससकट मागा, लातूर, नांदेड, पुणे असं तीन ठिकाणी मागा.

कागद ७० जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप) मॅपलिथो, नॅचरल शेड घ्या, पांढराशुभ्र घेऊ नका, डोळ्याला टोचतो. पैसे असतील तर ८० घ्या. कवितेच्या पानावर मोकळी जागा भरपूर असते म्हणून मागच्या पानावरच्या ओळी पातळ कागदातून जास्त दिसतात, गद्याच्या पुस्तकात ते कळत नाही. कव्हर ३०० जीएसएम आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन.

आता फॉन्ट. तुम्ही मोबाईलवर टाइप केलंय म्हणजे युनिकोड आहे. बऱ्याच जुन्या प्रेसमध्ये अजून श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात, काम चालतं, ते तुमचा मजकूर कन्व्हर्ट करतील आणि त्यात जोडाक्षरं फुटतात, ॲ आणि ऑ उडतात, तऱ्हा, सुऱ्या, वाऱ्यावर यातला ऱ्य-ऱ्ह हमखास बिघडतो. म्हणून युनिकोडमध्येच पान लावणारा माणूस शोधा. तो पान लावायचं इनडिझाइन सॉफ्टवेअर वापरत असेल तर त्यात वर्ल्ड-रेडी कंपोजर चालू करायला सांगा, नाहीतर वेलांट्या भलतीकडे जातात. स्वतः लावणार असाल तर लिब्रे ऑफिस फुकट आहे आणि साध्या संग्रहाला पुरतं. त्यात मजकुराची भाषा मराठी सेट करा, हिंदी नको, ल आणि श मराठी वळणाचे हवेत.

फुकट आणि छापायला परवानगी असलेले चांगले फॉन्ट आहेत. तिरो देवनागरी मराठी कवितेला फार सुंदर दिसतो, आयआयटी मुंबईचा शोभिका आहे, राज्य मराठी विकास संस्थेने काढलेले यशोमुद्रा आणि यशोवेणू आहेत. अख्ख्या पुस्तकात एकच फॉन्ट, कवितेचं नाव थोडं मोठं, बस. नावाला वेगळा नक्षीदार फॉन्ट, कोपऱ्यात मोरपीस, पानाच्या मागे फिकट गुलाबाचं चित्र असलं काही करू नका, हात जोडून सांगतो. कवितेला मोकळी जागाच हवी असते.

आणि कवितेचं खास, जे गद्यवाल्या ऑपरेटरला माहीत नसतं: ओळ लांब असेल आणि पानाच्या रुंदीत मावत नसेल तर उरलेले शब्द खाली डावीकडून सुरू नाही करायचे, चांगले आत सरकवून घ्यायचे, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की ही नवी ओळ नाही. कडवं शक्यतो पानाच्या शेवटी तोडायचं नाही. कविता दोन पानांची असेल तर डाव्या पानावर सुरू करा, म्हणजे समोरासमोर येते, पान उलटावं लागत नाही. गझलेचा शेर दोन पानांत कधीच फोडायचा नाही, पाच-सात शेरांची गझल एका पानात बसलीच पाहिजे. मजकूर सगळा डावीकडून, मधोमध नको. मधोमध लावलेली कविता लग्नपत्रिकेसारखी दिसते.

तुरीची_शेंग

दोघांचेही खूप खूप आभार, एवढं सविस्तर कुणी सांगंल असं वाटलं नव्हतं. काल रात्री प्रिंट काढून आणल्या, आत्ता नक्की वाला ढीग ३८ चा आहे.

दोन प्रश्न. मोबाईलवर लिहिताना मी ओळीच्या शेवटी टिंबं टिंबं खूप देते, चार-पाच टिंबं, थांबायचं आहे म्हणून. ती ठेवावीत का? आणि दुसरं, एका ओळखीच्या सरांना प्रूफ बघायला दिलं होतं नमुन्याला तर त्यांनी बोलीतल्या कवितेत सगळं प्रमाण करून टाकलं. "काय करायलीस माय" चं "काय करते आहेस आई" झालं. गझलेत पण दोन ठिकाणी ऱ्हस्वाचं दीर्घ केलं तर मात्रा वाढली. सर चांगले आहेत, मराठी शिकवायचे, त्यांना कसं सांगू?

खिळे_आणि_शाई

टिंबं काढा. ओळ तोडलीत तिथे वाचणारा थांबतोच, वर टिंबं कशाला. अगदी वाक्य अर्धवट सोडायचं असेल तिथे तीन, पूर्ण पुस्तकात पाच-सहा ठिकाणी फार तर.

सरांना फाईल देण्याआधी एक कागद करून द्या. त्यावर बोलीतल्या कवितांची नावं लिहा आणि ठरलेली रूपं लिहा: करायलीस, जायलाव, कामून, कव्हा, लई, जे काय तुमच्या गावात म्हणतात ते. बोलीत शुद्धलेखनाचा नियम म्हणजे सगळीकडे एकसारखं लिहिणं. एका कवितेत कव्हा आणि दुसरीत कवा असं नको, किंवा असेल तर तुम्हाला माहीत असायला हवं की ते का आहे. गझलांच्या वर पेन्सिलीने वृत्त असं लिहा. प्रमाणलेखनात शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा नियम आहे, सरांनी तेच केलं असणार, पण वृत्तात मात्रेसाठी ऱ्हस्व ठेवायची मोकळीक कवीला आहे आणि मराठी शिकवलेल्या माणसाला हे लगेच पटेल.

वाचनखोली

मी तालुक्याच्या वाचनालयात काम करते, कागदपत्रांचं मी सांगते.

आयएसबीएन कायद्याने सक्तीचा नाही, पण घ्या, पुढे दुकानात, ऑनलाइन, ग्रंथालयाच्या खरेदीत सगळीकडे विचारतात. भारतात तो पूर्ण मोफत आहे, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीच्या सरकारी पोर्टलवर लेखक स्वतःच्या नावाने अर्ज करू शकतो, प्रकाशन संस्था असायलाच हवी असं नाही. त्यासाठी हजार-दोन हजार मागणारे भेटतील, देऊ नका. वेळ लागतो म्हणून छपाईच्या बराच आधी अर्ज टाका. तेरा आकडी नंबर मिळतो, त्याचा बारकोड मलपृष्ठावर किमतीसोबत. ई-बुक काढणार असाल तर त्याला वेगळा नंबर.

नावाच्या पानाच्या मागच्या बाजूला माहितीचं पान येतं. त्यावर तुमचं नाव, हक्क कुणाचे, पहिली आवृत्ती महिना-वर्ष, प्रकाशक म्हणजे तुम्हीच, पत्ता, मुद्रकाचं नाव, मुखपृष्ठ कुणाचं, किंमत. हे पान आमच्यासारख्यांना फार उपयोगी पडतं, घरगुती काढलेल्या पुस्तकांत वर्षच नसतं आणि मग नोंद काय करायची कळत नाही. मुखपृष्ठाचा फोटो किंवा चित्र नेटवरून उचलू नका, काढणाऱ्याची लेखी परवानगी घ्या.

कॉपीराइट लिहिल्या क्षणापासून तुमचाच असतो, नोंदणी करायलाच हवी असं नाही. पण दुसऱ्या कवीच्या ओळी सुरुवातीला घालणार असाल तर बघून घाला. आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. मर्ढेकर १९५६ ला गेले, त्यांच्या हयातीत छापलेल्या ओळी आता मोकळ्या आहेत. कुसुमाग्रज १९९९ ला गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत परवानगी लागणार.

पुस्तक निघाल्यावर ३० दिवसांत एकेक प्रत चार ठिकाणी पाठवायची असते, कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईची एशियाटिक सोसायटी, चेन्नईचं कन्नेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. १९५४ चा कायदा आहे आणि स्वतः प्रकाशक झालात की तो तुम्हालाही लागू. बरेच जण पाठवत नाहीत. तुम्ही पाठवा ताई. उदगीरच्या मोंढ्यावरच्या कविता कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात कायमच्या नोंदल्या जातात, शंभर प्रतींच्या पुस्तकाला यापेक्षा चांगली सोय नाही.

अजून एक, आणि हे छापण्याआधी बघा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकाच्या हस्तलिखिताला. एकदा स्वतः छापलंत की ती संधी गेली. वाट बघायची तयारी असेल तर हस्तलिखित पाठवून बघा, नसेल तर सोडा. आणि राज्य वाङ्मय पुरस्कारात पहिल्या कवितासंग्रहासाठी बहिणाबाई चौधरींच्या नावाचा पुरस्कार आहे, तिथे कॅलेंडर वर्षाप्रमाणे पुस्तकं घेतात, तेव्हा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घाई करण्यापेक्षा जानेवारी टाकलेला बरा.

दोन_ओळी

माझं थोडं वेगळं मत आहे. पहिलंच पुस्तक ८० पानांचं कशाला? नक्की ढीग ३८ चा झालाय ना, त्यातल्या वीस घ्या, दोन फॉर्म म्हणजे ३२ पानं, सेंटर पिन मारून पुस्तिका करा. डिजिटलला प्रत तीस-चाळीसात होईल, पन्नास रुपयाला हातोहात जाईल, कविसंमेलनाला आलेला माणूस दीडशेचं पुस्तक हातात घेऊन परत ठेवतो पण पन्नासचं घेऊन जातो हे मी डोळ्यांनी बघितलंय. लोक काय म्हणतात ते कळेल, मग वर्षा-दोन वर्षांनी मोठा संग्रह.

मराठीला हे नवीन नाही. साठच्या दशकात लघुअनियतकालिकं निघाली ती सायक्लोस्टाइल करून, हाताने टाचून, पोरांनी खिशातले पैसे घालून. अशोक शहाण्यांनी १९६३ ला ‘असो’ नावाचं लघुअनियतकालिक काढलं, पुढे त्यांच्याच प्रास प्रकाशनातून अरुण कोलटकरांचे संग्रह आले आणि त्यातल्याच एका संग्रहाला २००५ चा साहित्य अकादमी मिळाला. कोलटकर धंद्याने ग्राफिक डिझायनर होते, ती पुस्तकं एकदा हातात घेऊन बघा, पान कसं असावं ते समजेल. मोठ्या प्रकाशकाचा शिक्का नव्हता म्हणून काही अडलं नाही.

प्रस्तावनेच्या मागे लागू नका. कुणा मोठ्या साहित्यिकाकडे हस्तलिखित देऊन आठ-आठ महिने वाट बघणारे लोक माहीत आहेत मला, आणि येते तेव्हा पहिल्या दोन पानांत कविता म्हणजे काय हेच असतं. स्वतःचं एक पानाचं मनोगत लिहा, दुकानाबद्दल लिहा.

पाणवठा

दोन_ओळींचा मुद्दा चांगला आहे पण पाण्याच्या रेल्वेची पाच पानांची कविता ३२ पानांत जड होईल, ती बाकीच्यांना दाबून टाकेल. आणि पिनेच्या पुस्तिकेला कणा नसतो, कपाटात उभी ठेवली तर नाव दिसत नाही, वाचनालयात ती हरवते, वाचनखोली ताई सांगतीलच. मी ६४ म्हणेन, चार फॉर्म, चाळीस कविता.

विक्रीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. दुकानदार आणि ऑनलाइनवाले चाळीस टक्क्यांच्या आसपास कमिशन घेतात, वर पुस्तक पोचवायचा खर्च तुमचा. नव्वदला पडलेली प्रत दीडशेला ठेवलीत तर दुकानातून तुमच्या हातात नव्वदच येतात. तेव्हा दुकानाची फार आशा न धरता शंभरातल्या साठ-सत्तर स्वतः विका, पोस्टाने पाठवा. मे २०२५ पासून पोस्टाची ज्ञान पोस्ट सेवा आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये. पाकिटातल्या पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव छापलेलं लागतं, ते माहितीच्या पानावर येतंच. ८० पानी डेमी पुस्तक ७० जीएसएमवर शंभर ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे दोन प्रती एका पाकिटात जातात.

दहा-पंधरा प्रती भेट द्यायच्या असं आधीच ठरवा आणि कुणाला ते लिहून ठेवा, नाहीतर सगळ्याच वाटल्या जातात. नातेवाईकांना विकत द्या, संकोच करू नका, विकत घेतलेलं पुस्तक लोक उघडतात तरी. परीक्षणासाठी मोठ्या पेपरांपेक्षा लातूर-नांदेडच्या पुरवण्या आणि लहान नियतकालिकं बघा. आणि पहिली भेट मोंढ्यातल्या ज्या हमालांवर कविता आहेत त्यांना द्या, वाचून दाखवा.

तुरीची_शेंग

वाचून डोळे भरून आले खरंच. हमालांना वाचून दाखवायचं डोक्यातच आलं नव्हतं, वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले दुकानातच करू की प्रकाशन, मार्केटला सुट्टी असते त्या दिवशी, सतरंज्या टाकू.

ठरवलंय असं: ६४ पानं, चाळीस कविता, गझला पुढच्या वेळी. अनुदानाची वाट बघत नाही, वडिलांचं वय झालंय आणि त्यांच्या हातात पुस्तक द्यायचंय. आयएसबीएनचा अर्ज या रविवारी भरते. मुखपृष्ठासाठी भाच्याने दुकानातल्या जुन्या तराजूचा फोटो काढलाय, त्याची परवानगी घेतली लेखी, तो हसत होता.

खिळे_आणि_शाई सर, पान मीच लावून बघते लिब्रे ऑफिसमध्ये. मार्जिन किती ठेवू? आणि प्रेसला नक्की काय पाठवायचं, वर्ड फाईल का पीडीएफ?

खिळे_आणि_शाई

पीडीएफच, फॉन्ट एम्बेड करून, म्हणजे फाईलमध्येच घालून. वर्ड फाईल दिलीत तर त्यांच्या मशीनवर तो फॉन्ट नसेल आणि ओळी सरकतील. कव्हरची पीडीएफ वेगळी, पुढचं-मागचं आणि कणा एकत्र, कण्याची जाडी प्रेसवाल्याला कागद सांगून विचारा. कव्हरला चारी बाजूंनी तीन मिलीमीटर जास्तीचं ठेवा कटिंगसाठी.

मार्जिन बाइंडिंगच्या बाजूला पाऊण इंच, बाहेर सहा दशांश, वर पाऊण, खाली थोडं जास्त, पाऊणच्या वर. परफेक्ट बाइंडिंगचं, म्हणजे कण्याला चिकटवलेलं, पुस्तक पूर्ण उघडत नाही म्हणून आतली बाजू कमी करू नका. अक्षर बारा पॉइंट, ओळीतलं अंतर अठरा. पान नंबर खाली, कविता सुरू होते त्या पानावरही असू द्या.

शंभर छापायच्या आधी एक डमी प्रत काढून घ्या, त्याच कागदावर, त्याच बाइंडिंगची. दोनशे-तीनशे जातील पण स्क्रीनवर न दिसलेलं सगळं त्यात दिसतं. डमी सरांना एकदा आणि ज्याने कविता कधीच वाचली नाही अशा माणसाला एकदा द्या, अनुक्रमणिकेतले पान नंबर एकेक करून ताडून बघायला सांगा, सगळ्यात जास्त चुका तिथेच राहतात. लावलेली पहिली दहा पानं इथे टाका, बघून सांगतो.